बंड्याच्या दुपारचा आकडा

डॉक्टर, नमस्कार.

आमचा बंड्या नऊ वर्षांचा बोका, नसबंदी झालेला, वजन सहा किलो. चार महिन्यांपूर्वी पाणी फार प्यायला लागला, खाऊनही उतरत चालला. डॉक्टरांनी मधुमेह सांगितला आणि ग्लार्जिन इन्शुलीन सुरू केलं, सकाळ-संध्याकाळ २ युनिट. मिस्टरांनाही शुगर आहे, त्यामुळे ग्लुकोमीटर घरात होताच. बंड्याच्या कानाला टोचून मीच मोजते: सकाळी ७ ला आणि संध्याकाळी ऑफिसातून आले की. पण आकडे काही जागेवर राहत नाहीत. सोमवारी सकाळी ३८६ आले, घाबरून ३ युनिट दिलं. संध्याकाळी ११८, म्हणून दिलंच नाही. मंगळवारी सकाळी ४४१, पुन्हा ३. संध्याकाळी ९७, पुन्हा नाही. बुधवारी सकाळी ४०२. महिनाभर हेच चाललंय. मागे दवाखान्यात तपासलं तेव्हाही ४३० होती.

त्यात सासूबाई. मी कामावर गेले की दुपारी त्याला गुपचूप दूध-भात घालतात. विचारलं तर म्हणतात, दुपारी तो भुकेने कासावीस होतो, मागचे पाय लटपटतात, खाल्लं की बरा होतो. असे लाड चालले तर साखर आटोक्यात येणार कशी? तुम्ही लिहिलंत तर त्या ऐकतील. आणि माणसं दंडाला चिकटवतात तो सेन्सर मांजराला चालतो का?

— एक वाचक, डोंबिवली

*

ताई, तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तुम्ही तक्रार म्हणून लिहिलंय. दुपारी बंड्या कासावीस होतो, मागचे पाय लटपटतात, खाल्लं की बरा होतो. हे मला कुणी फोनवर सांगितलं असतं तर हातातलं काम टाकून मी म्हटलं असतं, "आत्ताच्या आत्ता मोजा." इन्शुलीन चालू असलेल्या मांजराची साखर फार खाली गेली की ते असंच दिसतं. सासूबाईंना चार शब्द सुनवावेत म्हणून तुम्ही मला लिहिलंत. माझा अंदाज मात्र असा आहे की गेला महिनाभर त्यांच्या वाटीतल्या दूध-भातानेच तुमच्या बोक्याला तारलंय.

मधुमेही मांजराचे मागचे पाय आणखी एका कारणाने ढिले पडतात. साखर बरेच दिवस चढी राहिली की पायांच्या नसांना इजा होते आणि मांजर पंजांवर चालायचं सोडून मागच्या पायांचा टाचेपर्यंतचा भाग जमिनीला टेकवत सशासारखं चालू लागतं. पण ते दुखणं सकाळी असतं, दुपारी असतं, रात्रीही असतं. वाटीभर भाताने पाव तासात पळत नाही. बंड्याचं दुपारीच होतं आणि खाल्ल्यावर जातं, म्हणून माझा कौल कमी साखरेला. खात्रीसाठी एक आकडा हवा, आणि नेमका तोच तुमच्या वहीत नाही: दुपारी एकचा.

आता वहीतल्या आकड्यांकडे येऊ. तुम्हाला वाटतंय साखर आपल्या मनाने वर-खाली होतेय. मला त्यात झोपाळा दिसतो, आणि राग मानू नका, पण झोके तुम्हीच देताय. ग्लार्जिनचा असर मांजरात साधारण बारा तास, कधी थोडा जास्त टिकतो. संध्याकाळचं इंजेक्शन दिलं नाही की सकाळच्याचा असर रात्रीतून संपतो आणि उजाडता साखर चारशेच्या घरात जाते. तो आकडा बघून तुमच्या पोटात गोळा येतो, तुम्ही ३ युनिट देता. ते तीन युनिट दुपारी त्याला खाली ओढतात आणि संध्याकाळपर्यंत पुरतं वर येऊ देत नाहीत. संध्याकाळी ९७ दिसतात, तुम्ही घाबरून काहीच देत नाही, आणि पहाटेपासून तेच चक्र.

संध्याकाळी ९७ असताना इंजेक्शन टाळलंत ते बरोबरच केलंत. बिघडतंय ते सकाळच्या तीनमुळे. एक साधी बेरीज करा: तीन आणि शून्य, म्हणजे दिवसाचे तीन युनिट. तेच दीड-दीड करून दिले तर दिवसाची बेरीज बदलत नाही, पण दुपारची खोल दरी आणि सकाळचा उंच डोंगर दोन्ही बुजायला लागतात. नेमका डोस तुमचे डॉक्टर ठरवतील; बंड्याला तपासलंय त्यांनी, मी नाही. पण ही बेरीज त्यांना दाखवाच. त्यांनी २ आणि २ सांगितलेत आणि घरात ३ आणि ० चाललंय, हे बहुधा त्यांना माहीतच नाही. तीन दिवसांचे आकडे आणि दुपारचं लटपटणं, दोन्ही आजच फोन करून सांगा. तोवर कुठल्याही आकड्याला ३ युनिट देऊ नका, ४४१ ला सुद्धा नाही.

अनुभवी नातेवाईक असतील तर कुणीतरी तुम्हाला सोमोजीचं नाव सांगेल. सेंट लुईसचे मायकेल सोमोजी यांनी १९३८ मध्ये मांडलं होतं की इन्शुलीनने साखर फार उतरली की शरीर घाबरून उलट साखर ओतायला लागतं, आणि म्हणून नंतरचा आकडा उंच येतो. ऐकायला पटतं. पण ग्लार्जिनवरच्या मांजरांची साखर बारकाईने मोजून पाहिली तेव्हा असं क्वचितच सापडलं. तुमच्या वहीत तर चारशेसाठी चुकलेलं इंजेक्शन एवढं साधं कारण समोर आहे. साधं कारण आधी काढून टाकू, मग अवघड शोधू.

फोन करायच्या आधी फ्रिजपाशी जा आणि एक गोष्ट बघा. इन्शुलीनच्या बाटलीवर किंवा पेनावर आकडा असतो, ४० किंवा १००. ग्लार्जिन बहुतेक १०० चं, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये १०० युनिट. तुमच्या सिरिंजची टोपी लाल आहे की केशरी? लाल टोपीची सिरिंज ४० च्या इन्शुलीनसाठी, केशरी १०० साठी. आपल्याकडे माणसांचं ४० चं इन्शुलीन अजून सर्रास मिळतं, त्यामुळे केमिस्टकडे नुसतं "इन्शुलीनची सिरिंज द्या" म्हटलं की पुष्कळदा लाल टोपीच हातात येते. १०० चं इन्शुलीन लाल टोपीच्या सिरिंजमध्ये ओढलं तर प्रत्येक खूण अडीच युनिटांची होते. म्हणजे तुमचे २ युनिट प्रत्यक्षात ५, आणि ३ युनिट साडेसात. तुमच्याकडे असं झालंय असं मी म्हणत नाही, पत्रावरून ते कळत नाही. पण टोपी लाल निघाली तर आजचं इंजेक्शन थांबवा आणि लगेच डॉक्टरांना गाठा. केशरी निघाली तर पुढच्या वेळी ०.३ मिलीची, अर्ध्या युनिटाच्या खुणा असलेली मागा. दीड युनिट अंदाजाने ओढायचं म्हणजे मांजराच्या बाबतीत जुगार.

आता आकड्यांवर किती विश्वास ठेवायचा ते. घरातल्या ग्लुकोमीटरचा आंतरराष्ट्रीय निकष असा की शंभराच्या वरचा आकडा खऱ्यापेक्षा १५ टक्क्यांपर्यंत इकडे-तिकडे असला तरी यंत्र पास. म्हणजे तुमचे ३८६ हे ३३० ही असू शकतात आणि ४४० ही. सोमवारचे ३८६, मंगळवारचे ४४१ आणि बुधवारचे ४०२ हे तीन वेगळे आकडे समजून तुम्ही तीन सकाळी वेगवेगळी काळजी केलीत. माझ्या लेखी तो एकच आकडा आहे. शिवाय मिस्टरांचं यंत्र माणसाच्या रक्तासाठी बनलेलं. मांजराच्या रक्तात बहुतेक साखर पेशींच्या बाहेर, पातळ भागात असते, त्यामुळे माणसांची यंत्रं मांजरात सहसा खऱ्यापेक्षा कमी दाखवतात. किती कमी, ते यंत्रागणिक बदलतं, म्हणून अमुक मिळवा असा ठोकताळा मी देणार नाही. प्राण्यांसाठीचं वेगळं ग्लुकोमीटर मिळतं; परवडलं तर घ्या, नाही तर मिस्टरांचंच वापरा, पण एकच वापरा. आज हे, उद्या शेजाऱ्यांचं, असं नको.

आणि दवाखान्यातले ४३० विसरून जा. मांजर घाबरलं की निरोगी असूनही त्याची साखर तीनशेच्या पुढे जाऊ शकते. टोपलीत कोंबलं, रिक्षात हॉर्न ऐकले, शेजारी कुत्रा भुंकला, एवढं पुरतं. हे मी पुस्तकातून शिकले होते आणि तरीही एकदा फसले. पुष्कळ वर्षांपूर्वी एका मांजरीची दवाखान्यातली साखर ४१२ आली. मालकीणबाई म्हणत होत्या, घरी ही छान असते, पाणीही कमी झालंय. मी यंत्रावर विश्वास ठेवला आणि अर्धं युनिट वाढवलं. तिसऱ्या दिवशी ती झटके देत माझ्या टेबलावर आली. वाचली. पण त्यानंतर आधी घरचा आकडा आणि घरच्या माणसाचं म्हणणं विचारल्याशिवाय मी डोस वाढवलेला नाही.

मग बघायचं काय? दिवसातला सगळ्यात खालचा आकडा. तो किती आणि कधी येतो, यावर डोस ठरतो. सकाळचा आकडा फक्त रात्रीच्या इंजेक्शनचा शेवट सांगतो. ग्लार्जिनमध्ये खालचा बिंदू बहुतेक वेळा सहा-आठ तासांनी येतो, पण मांजरागणिक आणि दिवसागणिक सरकतो. तुम्ही सकाळी ७ ला टोचता, म्हणजे एक ते तीनच्या मध्ये कधीतरी. सासूबाई नेमक्या त्याच वेळेबद्दल बोलताहेत, बघा.

यासाठी साखरेचा आलेख काढायचा असतो. डॉक्टरांनी ठरवून दिलेला डोस दोन्ही वेळा, न बदलता, पाच-सात दिवस द्या. ग्लार्जिनचा नवा डोस अंगी मुरायला तेवढे दिवस लागतात, त्याआधी काढलेले निष्कर्ष कच्चे. मग येणाऱ्या रविवारी घरी बसा. सकाळी ७ ला इंजेक्शनच्या आधी मोजा, मग ९, ११, १, ३, ५ आणि ७. सात टोचण्या. त्या दिवशी खाणं, झोप, गॅलरीतलं ऊन, सगळं रोजच्यासारखं. रोज दुपारी दूध-भात मिळत असेल तर रविवारीही द्या आणि वेळ लिहा, नाही तर तुम्ही दुसऱ्याच कुणा मांजराचा आलेख काढाल. मात्र मधला एखादा आकडा १५० च्या खाली गेला की दोन तास थांबू नका, दर तासाला मोजा.

समजा आकडे असे आले: ३४०, २९०, १८०, ११०, १३०, २२०, ३१०. हा चांगला आलेख आहे, बरं का. सकाळचे ३४० बघून वाढवावंसं वाटेल, पण एक वाजताचे ११० सांगतात की इथे आता हात लावायचा नाही. खालचा आकडा ८० ते १५० मध्ये असला की बहुतेक डॉक्टर खूश असतात. तो ८० च्या खाली गेला तर वरचे आकडे कितीही मोठे असले तरी डोस कमी करायचा. आणि माणसांच्या यंत्रावर ६० च्या खाली काहीही दिसलं तर ती धावपळीची वेळ, बंड्या बरा दिसत असला तरी. उलट, सगळा दिवस तीनशेच्या वर सरळ रेष आली आणि खालचा बिंदूच सापडला नाही, तर डोस वाढवायचा विचार, तोही अर्ध्या-अर्ध्या युनिटाने. एकच आलेख म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. त्याच मांजराचा, त्याच डोसचा, दुसऱ्या दिवशीचा आलेख बराच वेगळा येऊ शकतो. म्हणून दोन-तीन आठवड्यांत आणखी एक काढा आणि दोन्ही शेजारी ठेवा.

साखर दोनशे-अडीचशेच्या घरात असलेलं मांजर सहसा बरं वाटतं. अडीचशे-पावणेतीनशेच्या वर ती लघवीत उतरू लागते. तिथून पुढे तहान आणि वजन उतरणं. म्हणून ग्लुकोमीटर नसलेल्या दिवशीही पाण्याचं भांडं बोलतं. सकाळी मोजून पाणी भरा, रात्री किती उरलं ते लिहा. मातीच्या ट्रेमधून लघवीचे गोळे किती आणि केवढे निघतात ते बघा. दर पंधरा दिवसांनी वजन. मला एका आकड्यावर बोट ठेवायला सांगितलंत तर मी वजनावर ठेवेन. डॉक्टर फ्रुक्टोसामाइनची रक्ततपासणी सांगतील, ती करा: ती मागच्या दोन-तीन आठवड्यांची सरासरी सांगते आणि रिक्षातल्या हॉर्नने ती फुगत नाही. पण सरासरी ही सरासरीच. तीन आणि शून्यचा झोपाळासुद्धा सरासरीत बरा दिसू शकतो.

कानाला टोचण्याबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत, म्हणजे जमतंय. सात वेळा टोचायचं असेल त्या दिवशी एक करा: जुन्या मोज्यात मूठभर तांदूळ भरून तव्यावर कोमट करा, आपल्या गालाला लावून बघा आणि मग अर्धा मिनिट त्याच्या कानाला धरा. थेंब लगेच येतो. कडेला टोचायचं, मधल्या जाड शिरेला नाही. टोचून झालं की कापूस दाबून धरा आणि लगेच उकडलेल्या चिकनचा एक धागा. थोड्या दिवसांत मांजर यंत्राच्या आवाजाने स्वतःहून येऊन बसतं. मी अशी पाहिलीत.

आता सासूबाई. त्यांना गप्प करायचं नाही, पहारेकरी नेमायचं. दुपारी घरात त्याच असतात आणि त्यांची नजर चांगली आहे. त्यांना एवढंच सांगा आणि फ्रिजवर मोठ्या अक्षरात लिहून लावा. बंड्या लटपटला, भलत्याच भुकेने ओरडायला लागला, नजर शून्यात गेली, कोपऱ्यात डोकं खुपसून बसला, किंवा हाक मारूनही उठेना, तर आधी खायला द्या. अशा वेळी दूध-भातही चालेल, हातात असेल ते. खात नसेल पण शुद्धीवर असेल, तर बोटावर मध किंवा पाण्यात घट्ट कालवलेली ग्लुकोज पावडर घेऊन हिरड्यांना चोळा. चमच्याने घशात ओतायचं नाही, श्वासात जाईल. झटके येत असतील तर दातांमध्ये बोट घालू नका. ओठ बाजूला करून बाहेरून हिरडीला लावा आणि रिक्षा बोलवा. शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्यायचंच, कारण ग्लार्जिन अजून अंगात असतं आणि मधाची साखर तासाभरात संपते. आणि त्यांना ग्लुकोमीटर शिकवा. मिस्टरांची शुगर घरात मोजतातच, तर त्याचं त्यांना भय नसावं. जमलं नाही तर निदान वेळ लिहायला सांगा: किती वाजता लटपटला, काय खाल्लं, किती वेळात सावरला. या तीन गोष्टी कुठल्याही डॉक्टरला सोन्यासारख्या.

दूध-भात कधी ना कधी बंद व्हायला हवा, यात तुमचं बरोबर आहे. मांजर पक्कं मांसाहारी. भात-पोळीतली साखर हाताळायची यंत्रणा त्याच्या यकृतात मुळातच तोकडी. पण उद्यापासून एकदम बंद केलात आणि सकाळचे ३ तसेच ठेवलेत, तर दुपारी त्याला सावरायला काही उरणार नाही. म्हणून क्रम असा: आधी डोस बसवा, आलेख काढा, मग आठ-दहा दिवसांत भात कमी करत त्याच वेळेला उकडलेलं चिकन, उकडलेलं अंडं किंवा बिनमिठाचा, बिनमसाल्याचा मासा. आमटीतला, कालवणातला तुकडा नको. कांदा-लसूण मांजराला विषारी. कोरडे दाणे देत असाल तर हळूहळू मांसाच्या ओल्या पाऊचकडे वळा. दाण्यांमध्ये पिठूळ भाग बराच जास्त असतो. नुसतं चिकन हे पूर्ण जेवण नाही, ते दुपारच्या खाऊपुरतं. आणि जेवण बदलताना आठवड्यातून दोन-तीनदा दुपारी मोजायचं, कारण पिठूळ कमी झालं की इन्शुलीनची गरजही उतरते, कधी कधी झपाट्याने.

यात एक आशेची बाजू आहे. बंड्याचा आणि मिस्टरांचा मधुमेह बराचसा एकाच जातीचा आहे, माणसातल्या दुसऱ्या प्रकारासारखा. (पण तेवढ्यावरून मिस्टरांच्या गोळ्या त्याला देऊ नका, विचारणारे भेटतात म्हणून लिहिते.) मांजरात मधुमेह नवा असताना साखर नीट आटोक्यात राहिली तर काहींचं स्वादुपिंड पुन्हा काम करू लागतं आणि इन्शुलीन सुटतं. सगळ्यांचं नाही. बंड्याला चारच महिने झालेत. संध्याकाळचे ९७ हे नुसत्या जास्त डोसचं लक्षण नसून त्याचं स्वतःचं इन्शुलीन जागं होत असल्याची खूणही असू शकते. तसं असेल तर सकाळचे तीन दुप्पट धोक्याचे.

सेन्सर मांजराला लावता येतो. दंडाऐवजी मानेच्या मागे, खांद्यांच्या मध्ये किंवा छातीच्या बाजूला केस काढून चिकटवतात. चौदा दिवसांसाठी बनलेला असतो, पण मांजर तो तेवढे दिवस टिकू देईलच असं नाही. तो रक्तातली नाही, त्वचेखालच्या द्रवातली साखर वाचतो, त्यामुळे साखर झरझर उतरत असताना काही मिनिटं मागे असतो. पहिल्या दिवसाचे आकडे फारसे मनावर घेऊ नका. फार खालचा आकडा दिसला आणि बंड्या मजेत असला तर कानाला टोचून खात्री करा. दोन्ही जुळले नाहीत तर कानाचं खरं. स्वस्त नाही, म्हणून सारखा लावा असं मी म्हणणार नाही. पण एक सेन्सर, डोस पक्का झाल्यावर लावलेला, तुमच्या दुपारचं सगळं गुपित उघड करेल, आणि रात्री तीनचंही, जे कुणीच बघत नाही.

त्याचा एक तोटा सांगून ठेवते. मोबाइलवर दर मिनिटाला आकडा दिसायला लागला की तुमच्यासारख्या काळजीवाहू माणसाची झोप उडते. दोनशे ऐंशी दिसले म्हणून लोकलमधून घरी फोन करू नका.

इंजेक्शनच्या वेळेची ओढाताण मला कळते. गाड्या उशिरा, तुम्ही कधी साडेसातला घरी तर कधी साडेआठला. एखाद्या तासाचा फरक चालून जातो. वारंवार दोन-तीन तासांचा होत असेल तर मिस्टरांना शिकवा, त्यांना सुईचं नवल नसावं. टोचताना मांजर हललं, केस ओले लागले, बोटांना दवाखान्यासारखा वास आला, म्हणजे औषध केसांवर सांडलं. किती आत गेलं कळत नसेल तर दुसऱ्यांदा टोचू नका. एक इंजेक्शन चुकल्याने बारा तास साखर चढेल. दोनदा गेलं तर रात्र दवाखान्यात. बाटली हलवून फेसाळू नका, फ्रिजरच्या जवळ ठेवू नका. ग्लार्जिन पाण्यासारखं स्वच्छ असतं, गढूळ झालं की फेका.

चढ्या साखरेला मी हलकं लेखतेय असं वाटू नये. बंड्या जेवणाकडे पाठ फिरवेल, उलट्या करेल, मलूल पडेल आणि साखर चढी असेल, तर त्याच दिवशी दवाखाना. रक्तात कीटोन, म्हणजे इन्शुलीन कमी पडल्यावर चरबी जळून तयार होणारी आम्लं, साठले की मांजर दोन दिवसांत हातचं जातं. केमिस्टकडे लघवीतल्या कीटोनच्या पट्ट्या मिळतात, एक डबी घरात ठेवा. पण खातोय, फिरतोय आणि सकाळी ४०० आहे, एवढ्यावर त्या सकाळी काही होत नाही. कमी साखर मात्र तासांत होत्याचं नव्हतं करते. दोन्हींत चुकायचंच असेल तर थोड्या चढ्या बाजूला चुका.

डोस सरळ ठेवूनही महिन्याभरात आकडे असेच नाचत राहिले तर दात आणि लघवी तपासा. किडलेला दात किंवा मूत्रमार्गातला संसर्ग इन्शुलीनला दाद देऊ देत नाही. कातडीच्या खाजेसाठी कधी स्टेरॉइड दिलं असेल तर तेही सांगा. आणि डोस पाच-सहा युनिटांच्या पुढे नेऊनही साखर हलेना, उलट वजन वाढायला लागलं, तर मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीची गाठ शोधावी लागते. २०१५ मध्ये ब्रिटनमधल्या १२२१ मधुमेही मांजरांचं रक्त तपासलं तेव्हा जवळपास चारातल्या एकात त्या दिशेने बोट दाखवणारा आकडा निघाला होता. बंड्या त्यातला वाटत नाही. तो तर तीन युनिटांत शंभराच्या खाली येतोय.

आज रात्री टोपीचा रंग आणि डॉक्टरांचा फोन, एवढं करा. रविवारचे सात आकडे आले की त्यांना दाखवा, मलाही कळवा. सोबत दुपारी काय काय दिसलं तेही हवंय, सासूबाईंनी सांगितलेलं, त्यांच्याच शब्दांत.